फ्लॅटमधील हॉल नव्याने लावताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात घरांच्या अंतर्गत सजावटीचे काम करताना सर्वाधिक प्रश्न हॉलविषयी येतात. जुन्या वाड्यात ओसरी, माजघर आणि दिवाणखाना यांत विभागलेले सगळे व्यवहार आज १०-११ फूट रुंद आणि १६-१७ फूट लांब अशा एकाच खोलीत होतात. आजोबांचे वर्तमानपत्र, मुलांचा अभ्यास, रात्रीचा टीव्ही, पाहुण्यांचे अंथरूण आणि भाद्रपदातला गणपती हे सगळे तिथेच असते. म्हणूनच हॉलची मांडणी घरातल्या माणसांच्या दिनक्रमावरून आणि घरातल्या सणांवरून ठरावी, असे माझे ठाम मत आहे. पुढील उत्तरांत उदाहरणासाठी ११ बाय १६ फुटांचा, म्हणजे १७६ चौरस फुटांचा हॉल धरला आहे.

सुरुवात कुठून करावी? रंग आधी ठरवावा की सोफा?

दोन्हींपैकी काहीही आधी ठरवू नये. पहिला आठवडा फक्त निरीक्षणासाठी ठेवावा आणि कोण, कोणत्या वेळी, कुठे बसते, हे एका वहीत लिहून काढावे. मोबाइल कुठे चार्जिंगला लागतो, कपड्यांच्या घड्या कुठे घातल्या जातात, दप्तर आणि हेल्मेट कुठे टाकले जाते, या नोंदी वाचल्या की कपाट कुठे हवे आणि प्लग कुठे हवा, हे आपोआप कळते.

त्यानंतर खोलीचे माप घ्यावे. दारे कोणत्या बाजूला उघडतात, खिडकीची जमिनीपासूनची उंची किती आहे आणि पिलर भिंतीबाहेर किती आला आहे, हेही कागदावर उतरवावे. मग घ्यायच्या फर्निचरच्या आकारात वर्तमानपत्रे कापून ती प्रत्यक्ष जमिनीवर चिकटपट्टीने चिकटवावीत आणि दोन दिवस त्या कागदांना वळसा घालून वावरून पाहावे. कोथरूडमधील एका घरात इंग्रजी एल आकाराचा सोफा जवळपास पक्का झाला होता. कागद अंथरल्यावर दुसऱ्याच सकाळी लक्षात आले की, घरातल्या आजी शयनगृहातून गॅलरीतल्या तुळशीकडे ज्या वाटेने भिंतीला हात लावत जातात, ती वाटच त्या सोफ्याखाली जाणार होती. सोफा बदलला आणि आजींची भिंत मोकळी राहिली.

हॉलमध्ये किती फर्निचर मावते?

याचे उत्तर गणिताने मिळते. तीन जणांचा सोफा सुमारे ७ बाय ३ फूट, म्हणजे २१ चौरस फूट जागा घेतो. दोन खुर्च्या मिळून १२ ते १३, टीव्हीचे युनिट ७ ते ८, टीपॉय ८ आणि दिवाण १८ चौरस फूट घेतो. हे सगळे मिळून ६७ चौरस फूट होतात. मुख्य दारापासून स्वयंपाकघरापर्यंतची वाट किमान ३ फूट रुंद हवी; खोलीच्या लांबीइतकी धरली, तर ती ४८ चौरस फूट होते. उरतात ६१ चौरस फूट, आणि तेही एका जागी नसून इथे-तिथे विखुरलेले.

आता गणपतीच्या आराशीला ४ बाय ४ फूट आणि आरतीला पंधरा माणसे उभी राहायला जागा हवी. गौरी उभ्या राहतात त्या घरी आणखी कोपरा लागतो, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका वेळी दहा-बारा बायका सतरंजीवर बसतात. त्यामुळे एवढ्या हॉलमध्ये मी सहसा एकच जड वस्तू ठेवायला सांगते, म्हणजे सोफा किंवा दिवाण यांपैकी एक; बाकी सगळे उचलता येईल असे असावे. जड टीपॉयऐवजी एकात एक सरकणारी दोन-तीन छोटी स्टुले, घडीच्या खुर्च्या आणि भिंतीलगत ठेवता येतील अशा बैठ्या गाद्या व लोड पुरतात. पाहुणे मुक्कामाला येत असतील, तर सोफ्यापेक्षा खाली खण असलेला ६ बाय ३ फुटांचा दिवाण अधिक उपयोगी ठरतो, कारण जादा अंथरूण-पांघरूण त्यातच राहते.

घरात ज्येष्ठ मंडळी आहेत. बैठक कशी निवडावी?

दुकानात दोन मिनिटे बसून सोफा घेऊ नये. ज्यांच्यासाठी घ्यायचा त्यांनाच दुकानात न्यावे, दहा मिनिटे बसू द्यावे आणि आधार न घेता उठता येते का, ते पाहावे. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांना बैठकीची उंची १८ इंचांच्या आसपास, खोली २० ते २२ इंच आणि दोन्ही बाजूंना भक्कम हात असलेली खुर्ची सोयीची असते. बसल्यावर खोल रुतणारा फोम सुरुवातीला सुखाचा वाटतो, पण उठताना तोच जाच होतो; म्हणून बैठकीसाठी ४० घनतेचा फोम मागावा. सोफ्याखाली झाडू आणि फरशी पुसायचा मॉप जाईल इतकी, म्हणजे ५ ते ६ इंच, मोकळी जागा सोडावी. पायात अडकणारे छोटे गालिचे टाळावेत, आणि घालायचेच असतील तर खाली न घसरणारी जाळी अंथरावी.

मधली भिंत पाडून किंवा बाल्कनी आत घेऊन हॉल मोठा करता येईल का?

आरसीसी इमारतीत पिलर आणि बीम यांना कोणत्याही कारणाने हात लावता येत नाही. विटांची पडदी, म्हणजे इमारतीचा भार न पेलणारी मधली भिंत, पाडता येते, परंतु ती खरोखरच पडदी आहे का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहून लेखी सांगितले पाहिजे. गवंडी ठोकून पाहतो आणि सांगतो, त्यावर विसंबू नये. बाल्कनी आत घेण्यासाठी महापालिकेची परवानगी लागते. ‘सगळ्यांनीच घेतली आहे’ हे उत्तर ना कायद्यापुढे टिकते, ना इमारतीपुढे.

आतल्या दुरुस्तीलाही सोसायटीचे ना हरकत पत्र आधी घ्यावे. कामाच्या वेळा, लिफ्टचा वापर, राडारोडा टाकण्याची जागा आणि अनामत रक्कम या गोष्टी त्या पत्रातच ठरतात. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे जुन्या इमारतीचे दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर ३ वर्षांनी संरचनात्मक परीक्षण अपेक्षित असते. इमारत जुनी असेल, तर तो अहवाल मागून वाचावा आणि मगच तोडफोडीचा विचार करावा.

भिंतीला ओल आहे. त्यावर पॅनेलिंग करून ती झाकली तर चालेल का?

कृपया असे करू नका. या एका प्रश्नावर मी सर्वांत जास्त वेळ घालवते, कारण हे नुकसान मी स्वतःच्या घरात सोसले आहे. आमच्या हॉलच्या पश्चिमेकडील भिंतीवर मार्च महिन्यात लाकडी पॅनेलिंग झाले. त्या वेळी भिंत कोरडी ठणठणीत दिसत होती आणि कंत्राटदाराने बाहेरची बाजू तपासण्याची गरज नाही, असे सांगितले. श्रावणात खोलीत कुबट वास येऊ लागला. ऑक्टोबरमध्ये एक फळी काढून पाहिली, तेव्हा मागे हिरवट-काळी बुरशी पसरली होती, प्लायवुडचे थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटत होते आणि प्लास्टर बोटाने दाबले तरी भुगा होऊन खाली पडत होते. सगळे उतरवावे लागले.

आपल्याकडे पावसाचे वारे नैर्ऋत्येकडून येतात, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिण-पश्चिम बाजूच्या बाहेरच्या भिंतींवर पावसाचा थेट मारा होतो. उन्हाळ्यात त्या भिंती फसव्या कोरड्या असतात. ओलीची परीक्षा सोपी आहे. २ बाय २ फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावून दोन दिवस तसाच ठेवावा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले, तर पाणी भिंतीतून येत आहे. खोलीच्या बाजूला जमले, तर तो हवेतला दमटपणा आहे. भिंतीवर पांढरे क्षार फुललेले दिसले, तर परीक्षेचीही गरज नाही.

उपाय नेहमी बाहेरून आत करावा. आधी बाहेरील भेगा, खिडकीच्या चौकटीभोवतीची फट आणि वरच्या मजल्याच्या न्हाणीघराची गळती बंद करावी. मग आतले सुटलेले प्लास्टर खरवडून नवे करावे, ते पूर्ण वाळू द्यावे आणि त्यानंतरच लांबी (पुट्टी) आणि रंग लावावा. अशा भिंतीला कपाट टेकवायचेच असेल, तर मागे दोन इंच हवा खेळती राहील अशी मोकळी जागा ठेवावी.

रंग कोणता आणि किती लागेल?

हॉल ११ बाय १६ फुटांचा आणि साडेनऊ फूट उंच असेल, तर चार भिंती मिळून ५१३ चौरस फूट होतात. दारे-खिडक्या वजा केल्या, तर सुमारे ४४० उरतात. चांगल्या इमल्शनचा एक लिटर दोन हातांसाठी साधारण ७० चौरस फुटांना पुरतो, म्हणजे भिंतींना सहा-सात लिटर आणि छताला दोन-तीन लिटर रंग लागेल. हा हिशेब हाताशी असला की डबे किती आणायचे, यावर वाद होत नाही.

छटेविषयी एवढेच सांगेन की, शेड कार्डावरून निर्णय घेऊ नये. छोटा नमुना डबा आणून दोन वेगवेगळ्या भिंतींवर २ बाय २ फुटांचे चौकोन रंगवावेत आणि ते सकाळी, दुपारी चारच्या उन्हात आणि रात्री दिवे लावून पाहावेत. जिथे लहान मुले आहेत तिथे पुसता येणारे इमल्शनच घ्यावे.

फॉल्स सीलिंग करावे का?

छत साडेनऊ फुटांचे असेल, तर संपूर्ण खोलीला फॉल्स सीलिंग करू नये, असे माझे मत आहे. सहा इंच तिथेच जातात, पंखा आणखी खाली येतो आणि खोली दबल्यासारखी वाटते. बीम झाकायचा असेल किंवा वायरिंग लपवायचे असेल, तर कडेने दीड-दोन फुटांची पट्टी पुरते. पंख्याची पाती जमिनीपासून किमान ८ फुटांवर असावीत आणि पाती व छत यांत एक फुटाच्या आसपास अंतर राहावे, नाहीतर वारा नीट लागत नाही.

झोपाळा लावायचा असेल, तर त्याचा हूक स्लॅबमध्ये किंवा बीममध्येच आणि इंजिनिअरला विचारूनच बसवावा. फॉल्स सीलिंगच्या चौकटीला झोपाळा लटकवणे जीवावर बेतू शकते. झोपाळ्याच्या पुढे-मागे तीन-तीन फूट मोकळे लागतात, हेही आधी मोजावे.

दिवे आणि वायरिंग यांचे नियोजन कसे करावे?

हे काम प्लास्टर आणि रंगाच्या आधीचे असते, आणि विसरलेला प्लग पुढे वीस वर्षे एक्स्टेंशन बोर्डाच्या रूपाने पायात येतो. टीव्हीमागे किमान चार-पाच प्लग, सोफ्याच्या दोन्ही हातांजवळ एकेक प्लग, गणपतीच्या जागेजवळ एक प्लग आणि दाराजवळ राऊटरसाठी एक अशी यादी वायरमनच्या हातात लेखी द्यावी. दिव्यांसाठी दीड, १६ अँपिअरच्या प्लगसाठी अडीच आणि एसीसाठी ४ चौरस मिलिमीटरची तार वापरतात. मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल, तर या कामातच तो बसवून घ्यावा, कारण विजेचा धक्का बसताना तोच पुरवठा तोडतो.

एकच झगझगीत ट्यूबलाइट आणि बाकी अंधार, ही जुनी रचना डोळ्यांना त्रासदायक असते. एवढ्या हॉलला एकूण सुमारे ४,००० ल्यूमेन उजेड पुरतो. ९ वॉटचा चांगला एलईडी दिवा सुमारे ९०० ल्यूमेन देतो. हा उजेड चार-पाच ठिकाणी वाटावा आणि त्यांची बटणे वेगळी ठेवावीत. गप्पा आणि विश्रांतीसाठी ३,००० केल्विनचा पिवळसर, तर अभ्यासाच्या कोपऱ्यात ४,००० केल्विनचा उजेड योग्य. ६,५०० केल्विनचा निळसर पांढरा प्रकाश रात्री खोलीत रुक्षपणा आणतो आणि माणसांचे चेहरे फिकट दाखवतो. पंखा बदलायचाच असेल, तर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या मोटरचा घ्यावा. साधा पंखा ७०-७५ वॉट वीज घेतो, तर हा ३०-३५ वॉटवर चालतो.

टीव्ही किती मोठा आणि किती उंचीवर लावावा?

स्क्रीनच्या कर्णाच्या दीडपट अंतर असावे. ४३ इंचांच्या टीव्हीला साडेपाच फूट आणि ५५ इंचांच्या टीव्हीला सात फूट अंतर लागते. ११ फूट रुंद हॉलमध्ये सोफ्याची खोली वजा केल्यावर साडेसात-आठ फूट उरतात, म्हणून ५५ इंचांच्या पुढे जाऊ नये. स्क्रीनचा मध्य जमिनीपासून ४० ते ४२ इंचांवर, म्हणजे बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर यावा. हॉटेलातल्यासारखा पाच-सहा फुटांवर लावलेला टीव्ही मानेला त्रास देतो. टीव्ही खिडकीसमोर लावू नये, आणि युनिट भिंतीला पक्के स्क्रू करून घ्यावे, कारण लहान मुले खण धरून वर चढतात.

प्लायवुड घेताना काय पाहावे?

हॉलच्या कोरड्या भागात आयएस ३०३ मानकाचे प्लायवुड पुरते. खिडकीखालचे बाकडे किंवा गॅलरीलगतचे कपाट अशा पावसाचा संबंध येणाऱ्या ठिकाणी आयएस ७१० मानकाचे मरीन प्लायवुड वापरावे. प्रत्येक तावावर आयएसआयचे चिन्ह आणि परवाना क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ या अॅपमध्ये टाकून तपासता येतो. माल उतरताना घरातल्या कोणीतरी हजर राहून हे पाहावे. ८ बाय ४ फुटांचे किती ताव आले, हेही तेव्हाच लिहून ठेवावे.

पुस्तकांचे कपाट करणाऱ्यांना एक विनंती आहे. १८ मिलिमीटरच्या फळीला दर ३० इंचांवर उभा आधार द्या. मराठी घरातले दिवाळी अंक, कोश आणि चरित्रे यांचे वजन मोठे असते, आणि चार फुटांची फळी दोन वर्षांत मधोमध वाकते. खणाची खोली १० ते १२ इंच पुरे. त्याहून खोल खणात पुस्तकांच्या दोन रांगा होतात आणि मागची रांग वाचली जात नाही.

जुने सागवानी फर्निचर आणि जुनी मोझॅक फरशी काढून टाकावी का?

शक्य तिथे ठेवावी, असे मला मनापासून वाटते. आजोबांच्या काळची सागवानी किंवा शिसवी खुर्ची सांध्यांत खिळखिळी झाली असली, तरी लाकूड सहसा उत्तम असते. सुताराकडून सांधे पक्के करून, जुने पॉलिश खरवडून नवे पॉलिश करून घ्यावे आणि वेत तुटला असेल तर तो नव्याने विणून घ्यावा. वाळवीची भोके मात्र नीट पाहावीत. टिचकी मारल्यावर पोकळ आवाज येणारे लाकूड घरात ठेवू नये.

मोझॅक फरशी यंत्राने घासून पॉलिश केली की तिचे दगडी ठिपके पुन्हा उठून दिसतात, आणि तोडफोडीचा सगळा धुरळा वाचतो. जुन्या फरशीवरच नवी टाइल चिकटवायची असेल, तर जमीन अर्धा-पाऊण इंच वर येते. दारे खालून तासावी लागतात आणि शेजारच्या खोलीशी पातळीत फरक पडतो, ज्यात ज्येष्ठांचे पाय अडखळतात.

भिंती आणि कोपरे कसे सजवावेत?

थोडक्याच वस्तू ठेवाव्यात आणि त्यांच्यामागे आपला काही संबंध असावा. वारली चित्र लावायचे असेल, तर छापील स्टिकरपेक्षा पालघर जिल्ह्यातील कलाकाराने हाताने काढलेले घ्यावे. गेरूच्या पार्श्वभूमीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेषा, ही या कलेची मूळ रीत. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, ती हीच कला घराच्या भिंतीवरून कागदावर आणि जगासमोर नेल्याबद्दल. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत मठारकाम केलेली तांब्याची भांडी मिळतात. हातोडीचा प्रत्येक ठोका त्यांवर लहान चकाकत्या खळीसारखा दिसतो, आणि संध्याकाळच्या पिवळ्या दिव्याखाली असा एक हंडा कोपरा उजळून टाकतो. कर्नाटकातील गुळेदगुड्डच्या खणाच्या कापडाचे उशांचे अभ्रे सुंदर दिसतात, फक्त ते थेट उन्हात ठेवू नयेत. दिवाणावर सोलापुरी चादर घालावी. ती धुऊन धुऊन मऊ होते आणि वर्षानुवर्षे टिकते.

घरच्या माणसांची छायाचित्रे एका भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीला एकत्र लावावीत. उघड्या फळ्या कमी ठेवाव्यात, कारण रस्त्यालगतच्या घरात त्यांवरची धूळ रोज कोणाला तरी पुसावी लागते आणि ते काम बहुधा एकाच व्यक्तीच्या वाट्याला येते.

देवघर हॉलमध्ये असावे का? वास्तुशास्त्राचे काय?

हा कुटुंबाच्या श्रद्धेचा विषय आहे, म्हणून तो आराखडा करण्यापूर्वीच स्पष्ट सांगावा. सुताराचे काम अर्धे झाल्यावर दिशा बदलली, तर खर्च दुप्पट होतो. देवघर हॉलमध्ये असेल, तर समईच्या ज्योतीवर किमान दोन फूट मोकळी उंची ठेवावी, आतून ग्रॅनाइट किंवा टाइल लावावी आणि पडदा जवळ नसावा.

कामाला किती दिवस लागतात आणि क्रम काय असावा?

सर्व कामे करायची असतील, तर पाच ते सात आठवडे धरावेत. आधी तोडफोड आणि गळतीची दुरुस्ती, मग वायरिंगच्या झिऱ्या (तारांसाठी भिंतीत पाडलेल्या खाचा), प्लास्टर, फरशी आणि सीलिंग. त्यानंतर लांबी, प्रायमर आणि रंगाचा पहिला हात, मग सुतारकाम व पॉलिश, आणि शेवटचा हात सर्वांत शेवटी. फरशी झाली की तिच्यावर प्लास्टिक आणि पीओपीचा थर घालून ती झाकावी. दिवाळीला घर तयार हवे म्हणून अनेक जण ऑगस्टमध्ये काम काढतात, पण त्या दमट हवेत लांबी आणि पॉलिश नीट वाळत नाही. मी फेब्रुवारी ते मे हा काळ सुचवते. मुलांच्या परीक्षा असतील, तर एप्रिलच्या मध्यानंतर सुरू करून पावसाआधी संपवावे.

कोटेशनमध्ये काय असावे आणि शेवटचा हप्ता देण्यापूर्वी काय तपासावे?

‘हॉलचे फर्निचर, एकरकमी’ असे एका ओळीचे कोटेशन स्वीकारू नये. प्रत्येक वस्तूचे माप, प्लायवुडचे मानक व जाडी, सनमायकाची जाडी, बिजागऱ्या आणि चॅनेलची कंपनी, मजुरी व साहित्य वेगळे, आणि दर जीएसटी धरून आहे की सोडून, हे सगळे लिहिलेले असावे. पैसे कामाच्या टप्प्यांनुसार द्यावेत आणि किमान १० टक्के रक्कम शेवटपर्यंत राखून ठेवावी.

ती देण्यापूर्वी प्रत्येक खण पूर्ण उघडून बंद करावा, प्रत्येक प्लगला मोबाइलचा चार्जर लावून पाहावा, आरसीसीबीचे चाचणी बटण दाबून पुरवठा तुटतो का ते पाहावे आणि कपाटांच्या आतल्या कडांवर हात फिरवावा. उरलेल्या सात-आठ टाइल, अर्धा लिटर रंग आणि रंगाचा शेड क्रमांक जपून ठेवावा. झिऱ्या बुजवण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे, शेजारी मोजपट्टी धरून काढलेले छायाचित्रही त्याच फायलीत ठेवावे, म्हणजे पुढे कधी भिंतीत खिळा ठोकायचा झाला, तर तार नेमकी कुठून गेली आहे हे बघता येते.